बाबांच्या तारणाची तारीख

माझ्या आत्याला पाव नंबरची चूक खपत नसे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिने एकेचाळीस वर्षं काचा घासल्या. खोली कसली, एक खिडकी, एक लांब टेबल, खालून पाण्यात बुडालेलं दगडी चाक आणि नंबर तपासायचं एक जुनं यंत्र. त्या यंत्राच्या नळीला डोळा लावून लावून तिच्या उजव्या भुवईचे केस विरळ झाले होते. आलेली काच आधी यंत्राखाली धरायची, नंबर चिठ्ठीशी ताडून बघायचा आणि मगच चाकाला लावायची. पाव नंबराने जरी इकडची तिकडे निघाली, तरी ती काच परत जायची. दुकानाचे मालक कपाळाला हात लावायचे. "अहो, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "कळत नाही म्हणूनच. डोकं दुखत राहतं आणि बिचारा उशा बदलत बसतो."

बाबा तिला तोंडावर 'पाव नंबर' म्हणत. त्यांचं सलून त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि मागच्या दाराआड आमचं दोन खोल्यांचं घर. वर जायला लोखंडी जिना आणि वरच्या खोलीत आत्या. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी लहान आणि सगळ्याच बाबतीत तिच्या उलटे. काही अंगाला लावून घ्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. मी सात वर्षांची असताना आई त्यांना सोडून गेली आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबांचं एका बाईकडे जाणं-येणं होतं, ती सुटली तेव्हा दुसरीकडे. मला वाढवलं आत्याने. माझ्या वेण्या तिने घातल्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सह्या तिने केल्या, खोटं बोलले तेव्हा कान तिने पिळला. बाबांनी मला हसवलं. लहानपणी मला बाबाच जास्त आवडायचे, हे आता लिहायला लाज वाटते.

आमचं घर एका लहानशा ख्रिस्ती मंडळीतलं. मी त्यात राहिले नाही, पण वाढले तिथेच, म्हणून त्यांची भाषा मला येते. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, एकदाच होतं, एका ठरावीक क्षणी, आणि ते झालं की कायमचं झालं. ज्याचं झालं नाही, तो कायमचा नरकात. पुढे पाय घसरला, वर्षानुवर्षं देवाची आठवण राहिली नाही, तरी ते पुसलं जात नाही. म्हणून त्या क्षणाला त्यांच्यात फार मान. तारण झालं त्या दिवसाची तारीख पाळक तुमच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पहिल्या पानावर लिहून देतात आणि दर वर्षी त्या सुमाराच्या रविवारी तुम्ही उठून सांगायचं, मला अमुक वर्षं झाली. स्वतःच्या नातवंडांची नावं विसरलेली म्हातारी माणसंही ही तारीख चुकत नाहीत.

आत्याची आणि बाबांची तारीख एकच होती. मुलांची सभा होती, ती नऊ वर्षांची, बाबा चार वर्षांचे. तारण हवं म्हणून दोघांनीही हात वर केला, अशी आमच्या घरातली कथा. उठून सांगायची मात्र ती एकटी. बाबा मंडळीत जायचे ते लग्नाला नाहीतर मयताला, आणि तिथेही मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याला हसवायचे. पण आपल्या तारणाबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता सांगायचे, "माझं वरचं तिकीट चार वर्षांचा असतानाच कन्फर्म झालंय. वेटिंगवर तुम्ही." गिऱ्हाईक हसायचं, पण वस्तरा जवळ असल्यामुळे बेतानं हसायचं. आत्या दारात असली तर तेवढ्यात निघून जायची. मला वाटायचं, तिला देवाधर्माची थट्टा सोसत नाही. आजीला मात्र या थट्टेचंसुद्धा कौतुक होतं. ती गेली ती याच समाधानात, की पोरगा कसाही निघाला तरी पुढे भेटणार आहे.

सत्तावन्नाव्या वर्षी बाबांच्या पोटात गाठ निघाली. निघाली तेव्हाच ती काढण्यापलीकडे गेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन महिना-सव्वा महिना सांगितला. मी नोकरीवर रजा टाकून घरी आले. मागच्या खोलीत, दाराला लागून खाट टाकली आणि दार उघडं ठेवलं, म्हणजे बाबांना सलूनमधलं बोलणं ऐकू यायचं. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर एकटाच काम बघत होता. बाबा पडल्या पडल्या त्याच्या कैचीच्या आवाजावरून त्याच्या चुका काढायचे.

मरणाला सामोरा जाणारा इतका निवांत माणूस मी पाहिला नाही. भेटायला येणारी माणसं रडवेली आत यायची आणि हसत बाहेर पडायची. "मला कसला घोर?" बाबा म्हणायचे. "त्रेपन्न वर्षांपूर्वीच सगळं उरकलंय. आई असेल तिथे. ओरडेल थोडी." मी या गोष्टी मानत नाही, पण त्या दिवसांत मी त्या तारखेचे मनापासून आभार मानले. एवढा बिनघोर मृत्यू कुणाला मिळतो? मिळतोय तर मिळू दे, असं मला वाटत होतं.

आत्या मात्र वाळत चालली होती. ताटावर बसायची आणि उठायची. मला वाटलं, भाऊ चाललाय म्हणून. एका दुपारी ती मंडळीच्या पाळकांकडे जाऊन आली. पाळक तरुण, नव्यानेच आलेले, बोलायला गोड. तिने त्यांना आडवळणाने विचारलं होतं, समजा एखाद्या लहान मुलाचं तारण झालं असं सगळे धरून चालले, त्यानेही तसंच मानलं, पण खरं म्हणजे झालं नसेल तर? पाळक म्हणाले, "झालं असेल तर जात नाही. आणि झालंच नसेल तर जायचा प्रश्नच येत नाही." हे तिने मला जिन्यात उभं राहून सांगितलं आणि विचारलं, "यातून काही कळलं का गं तुला?" मी म्हटलं, "आत्या, तू जेव आधी."

मंगळवारी दुपारी सलून बंद होतं. मी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात चहा टाकला होता. आत्या खाली आली, खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि बाबांना म्हणाली, "तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

मग तिने सांगितलं. त्या मुलांच्या सभेत प्रचारकाने सगळ्यांना माना खाली घालून डोळे मिटायला लावले होते. ज्यांना तारण हवं असेल त्यांनी हात वर करा, म्हणाला. तिने केला. तिच्या आत तेव्हा जे झालं त्याबद्दल तिला कधीच शंका नव्हती, ते खरं होतं. पण हात वर असतानाच तिच्या मनात आलं, की आता आपण वाचलो आणि हा राहिला. बाबा तिच्या मांडीवर गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून, तिच्या फ्रॉकवर लाळ गाळत. तिने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि वर केलं. प्रचारकाने मोजलं, एक, दोन. नंतर पाळकांनी तिला विचारलं, "धाकट्याला समजलं ना, कशासाठी हात वर केला ते?" ती म्हणाली, "हो." आजी आनंदाने रडत होती. त्यानंतर आजीसमोर ब्र काढायची तिची हिंमत झाली नाही. आणि पुढे तर बाबांनीच ती गोष्ट डोक्यावर घेतली.

"म्हणजे मी झोपलो होतो?" बाबा म्हणाले.

"हो."

बाबा हसायला लागले. हसताना पोटात कळ आली, तेव्हा थांबले. "पाव नंबर, हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आत्ता नाही सांगितलं तर कधी सांगू? अजून वेळ आहे. तू स्वतः म्हण. मनापासून एकदा म्हण, की झालं."

चहा उतू गेला, तो मी पुसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती वर गेली तशी मी तिच्यामागे जिना चढले आणि म्हणाले, "काय मिळवलंस? सुखाने मरत होता माणूस." ती खाटेच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "सुखाने कुठे जात होता, ते तुला माहीत नाही." त्यात राग नव्हता. माझ्या लक्षात आलं, की आपल्याला ही नुसती एक समजूत वाटते, तिला मात्र तिचा भाऊ उघड्या खड्ड्याकडे चालत जाताना दिसतोय. समोर तसं दिसत असताना गप्प कोण बसेल? हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी राग गेला नाही.

दोन दिवस बाबांचं कारागिराच्या चुका काढणं बंद झालं. गुरुवारी त्यांनी आत्याला बोलावणं पाठवलं. ती कामावरून तशीच आली, बोटांना काचेची पांढरी पूड लागलेली.

"सांग काय म्हणायचं ते," बाबा म्हणाले.

तिने शब्द सांगितले. मी पापी आहे, माझ्या पापांसाठी प्रभू मेला, मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. बाबांनी एकेक शब्द तिच्यामागून म्हटला. शाळेत कविता पाठ न केलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. म्हणून झाल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले. "झालं?"

"तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. वस्तरा गालाला टेकवला की मला धार लगेच कळते. इथे काही कळत नाही. तू कसं केलंस?"

"मी केलं नाही. झालं."

"मग मला का होत नाही?"

पुढचे दहा दिवस हेच चाललं. सकाळी कामावर जाण्याआधी ती खाली यायची, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. बाबा शब्द म्हणायचे. कधी स्वतःची पापं आठवून आठवून सांगायचे, माझ्या देखत, ज्या गोष्टी मुलीने बापाच्या तोंडून ऐकू नयेत त्या. आईचं नाव घेऊन रडले. मला वाटलं, हा पश्चात्ताप नाही तर दुसरं काय असतं? पण रडणं थांबलं की ते पुन्हा आत चाचपडायचे आणि म्हणायचे, "नाही. हे मरायच्या भीतीनं आहे. मला माझं कळतं. भीती गेली तर मी उद्या पुन्हा तसाच."

आयुष्यभर स्वतःला फसवत आलेला माणूस नेमका शेवटच्या दहा दिवसांत प्रामाणिक झाला. हा प्रामाणिकपणा बहिणीकडून आला असणार. तो त्यांना पूर्वी आला असता तर आमचं घर टिकलं असतं. आता त्याचा काय उपयोग होता?

आणि ते घाबरले. हे मला लिहायलाच हवं. मला हसवणारे माझे बाबा घाबरले. खोलीत कुणी नसलं की हाक मारायचे. भेटायला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवू लागले, कारण ते येणाऱ्याचा हात धरून विचारायचे, "तुमचं झालंय का? तुम्हाला कसं कळलं?" माणसं मान खाली घालून निघून जायची.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी आत्याला विनवलं. "तू नुसतं म्हण ना, झालं म्हणून. तू म्हणालीस की मला पटेल. तू कधी खोटं बोलत नाहीस."

आत्या त्यांचं पांघरूण सारखं करत राहिली. मला राहवलं नाही. मी तिचा दंड धरून म्हटलं, "म्हण की, आत्या. एक शब्द. काय जातं तुझं?"

"मी एकदा म्हटलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मी तिचा दंड सोडला. त्या क्षणी मला तिचा तिरस्कार वाटला, खराखुरा, आणि त्याच क्षणी हेही दिसत होतं की खोलीत सगळ्यात जास्त यातना तिलाच होताहेत.

सोमवारी सकाळी आत्या कामावर गेली. एका शाळामास्तरांचा जाड भिंगाचा चष्मा द्यायचा राहिला होता, ती अर्ध्या तासात येते म्हणाली. ती गेल्यावर वीसेक मिनिटांनी बाबांचा श्वास बदलला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कारागिराला आत्याला आणायला पिटाळलं. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी माझी बाही मुठीत धरली होती. म्हणाले, "आत काहीच नाही गं. मी खूप शोधलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मला नाही जायचं." नंतर बोलले नाहीत. आत्या धावत आली तेव्हा मी त्यांचे डोळे मिटले होते.

तिने मला पहिला प्रश्न विचारला तो हाच. "शेवटी काही म्हणाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. शांतपणे गेले, प्रभूचं नाव घेतलं, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? मी या गोष्टी मानत नाही, मला कुणाच्या शिक्षेचं भय नव्हतं. पण माझ्या मनात भरून राहिलं होतं ते हे, की तुला खरं लागतं ना, मग घे. मी शब्दन् शब्द सांगितला. काहीच गाळलं नाही, बाहीसुद्धा नाही. ती ऐकत उभी राहिली. मग तिने पाणी तापत ठेवलं आणि बाबांची दाढी स्वतः केली, कारागिराला करू दिली नाही. तिला ते जमत नव्हतं. दोन ठिकाणी कापलं.

मयताला मंडळी भरली होती. पाळकांनी बाबांचं शास्त्र उघडून पहिल्या पानावरची तारीख वाचून दाखवली. चार वर्षांच्या कोवळ्या वयात आपल्या या भावाने हात वर केला, म्हणाले, आणि मधल्या काळात तो दूर गेला असला तरी प्रभूने त्याला सोडलं नाही, हीच आपल्या विश्वासाची थोरवी. सगळे आमेन म्हणाले. नंतर बायका एकेक करून आत्याला भेटल्या. "तुम्हाला काय काळजी," एकजण म्हणाली, "तुमची तर भेट ठरलेलीच." आत्याने प्रत्येकीला "हो" म्हटलं. त्रेपन्न वर्षांनी ती दुसऱ्यांदा त्याच गोष्टीला हो म्हणत होती आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

मी नोकरीवर परत गेले. महिन्यातून एकदा येत राहिले. आम्ही जेवायचो, भांडी घासायचो, बाबांचा विषय काढायचो नाही. मी तिची माफी मागणार होते, दर खेपेला पुढच्या खेपेवर ढकलत होते. ती कामावर जात होती, रविवारी मंडळीत जात होती. फक्त त्या वर्षी तारखेचा रविवार आला तेव्हा ती उठली नाही. पाळकांनी दोनदा तिच्या दिशेने पाहिलं, ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं.

त्याच आठवड्यात मी आले होते आणि तिच्यासोबत दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते. पाळक चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायच्या निमित्ताने आले. आत्याने चष्मा घेतला, बारीक पेचकस काढला. पाळक स्टुलावर टेकले आणि हळूच म्हणाले, "ताई, परवा तुम्ही उभ्या राहिला नाहीत. मनात काही शंका आली आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली. "शंका नाही. माझं झालंय ते मला माहीत आहे." तिने स्क्रू बसवला, काडी दोनदा उघडमीट करून पाहिली. मग चष्मा हातातच ठेवून विचारलं, "ते परत देता येतं का?"

पाळक मोकळेपणाने हसले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. आपलं तारण हातचं जाईल अशी भीती घेऊन येणारी माणसं त्यांच्या ओळखीची असणार, त्यांना वाटलं हीही त्यातलीच. "ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "ते जाऊच शकत नाही. समजा, उद्या तुम्ही देवाकडे पाठ फिरवली, मंडळी सोडली, नको ते सगळं केलंत, मला नकोच म्हणालात, तरी प्रभू सोडणार नाही. एकदा मिळालं ते कायमचं."

"मी काहीही केलं तरी?"

"काहीही केलंत तरी. अगदी निर्धास्त राहा."

"बरं," आत्या म्हणाली. तिने काचा फडक्याने पुसून चष्मा त्यांच्या हातात दिला. पाळकांनी तो लावला, छान बसला म्हणाले, माझी विचारपूस केली आणि खुशीत निघून गेले. आत्या चाकाकडे वळली, पण तिने ते सुरू केलं नाही. त्याखालच्या पाण्यात बघत बसली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. माफी तेव्हा मागायला हवी होती.

"तो एकटा कधी राहिलेला नाही गं," ती म्हणाली.